आईच्या दिवाणापासून मोजलेली अंतरं

"आवाज येतोय रे, पण बोलतायत काय ते कळत नाही."

नवा टीव्ही घेतल्यापासून आई हे रोज म्हणायची. आवाज ५०वर न्यायची, मग ६०वर. मध्येच जाहिरात लागली की दचकून कमी करायची. शेवटी रिमोट बाजूला ठेवून नुसतं चित्र बघत बसायची आणि मालिका संपली की मला विचारायची, "ती धाकटी शेवटी काय म्हणाली?" दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या बाईचा तेवढाच तर विरंगुळा, आणि तोही अर्धा. मला ते बघवेना.

आई ७१ वर्षांची आहे. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वयामुळे वरच्या पट्टीचं ऐकणं थोडं कमी झालंय, मशीनची गरज अजून नाही. वरची पट्टी कमी झाली की स, श, फ, त असली व्यंजनं निसटतात आणि स्वर तेवढे कानावर पडतात. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. आई नेमकं तेच सांगत होती. त्यात हल्लीचे टीव्ही इतके पातळ की स्पीकरला पुढे जागाच उरत नाही, ते खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. जी पट्टी आईला हवी, तीच भिंतीवर आपटून अर्धीमुर्धी पोचायची.

पहिल्यांदा साउंडबारच घ्यायचा विचार होता. पण त्या रविवारी माळा साफ करताना एकेक वस्तू खाली आली. बाबांनी १९९४ साली घेतलेली लाकडी खोक्यांच्या स्पीकरची जोडी. माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या मिनी म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर. एका जुन्या डीव्हीडी होम थिएटरचे हाताएवढे चार छोटे स्पीकर, मूळ मशीन कधीच भंगारात गेलेलं. शिवाय कॉम्प्युटरला लावायचा २.१चा सेट, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि एक बेसचा डबा; तो डबा अजून चालू. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं आमचं घर, १० बाय १२ची बैठकीची खोली. तेवढ्या खोलीत होम थिएटर करायला लागेल ते सगळं घरातच होतं. नव्हता तो फक्त या सगळ्यांना चालवणारा अॅम्प्लिफायर, म्हणजे रिसीव्हर.

कामाला लागण्याआधी मल्टिमीटर काढला. हे मी आवर्जून सांगतो, कारण जुने स्पीकर वापरताना लोक इथेच फसतात. प्रत्येक स्पीकरला ओहममध्ये मोजलेला एक रोध असतो आणि रिसीव्हरच्या मागे लिहिलेलं असतं की तो किती ओहमपासून पुढचे स्पीकर झेपवतो. बहुतेकांवर ६ ते १६ असं असतं. त्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर लावला तर रिसीव्हरमधून जास्त करंट ओढला जातो, तो तापतो, बंद पडतो, कधी जळतोही. मल्टिमीटरवर आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी दिसतो. बाबांचे स्पीकर ६.४ दाखवत होते, म्हणजे ८ ओहमचे. मिनी सिस्टिमचे ५.२, म्हणजे ६ ओहमचे. आणि ते चार छोटे, दिसायला सगळ्यात निरुपद्रवी, फक्त २.७ दाखवत होते. ३ ओहम. डब्याबंद होम थिएटरमध्ये स्पीकर सर्रास ३ ओहमचे असायचे, कारण त्यांचा अॅम्प्लिफायर त्यांच्यासाठीच बनवलेला असे. ते तसेच जोडले असते तर रिसीव्हर जाण्याची भीती होती.

ते फेकून देणार होतो, तेवढ्यात थिएटरची आठवण झाली. सिनेमागृहात बाजूच्या भिंतींवर ओळीने स्पीकर लावलेले असतात. ५.१मध्ये, म्हणजे पाच दिशांचे आवाज आणि एक बेस अशा मांडणीत, एका बाजूच्या त्या सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज वाजतो. मग घरात का नाही? ३ ओहमचे दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडले की ६ ओहम होतात. रिसीव्हरचा प्लस पहिल्याच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस परत रिसीव्हरच्या मायनसला. डाव्या भिंतीला दोन, उजव्या भिंतीला दोन. आवाज एका बिंदूतून न येता भिंतीभर पसरतो आणि रिसीव्हरही सुखात राहतो. या सगळ्या उद्योगात मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच.

बाबांच्या स्पीकरची कथा वेगळी. समोरची जाळी काढली आणि कोनच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम बोट लावताच काळ्या पिठासारखा गळून पडला. मुंबईच्या दमट हवेत फोमचं असंच होतं, पंधरा-वीस वर्षांत तो कुजतो. कोन, कॉइल, मॅग्नेट, सगळं ठणठणीत. फक्त कडा गेलेली. शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं. लॅमिंग्टन रोडवर रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारच बरा. पाट्यांवर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

एका आतल्या गल्लीत स्पीकर दुरुस्त करणारे चाचा बसतात. चार बाय सहाची जागा, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या नाना मापांच्या रबरी कडा. त्यांनी जुना फोम खरवडून काढला, कोनच्या मधली टोपी ब्लेडने अलगद कापली आणि आतल्या कॉइलभोवतीच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार बारीक पट्ट्या सरकवल्या. मी विचारलं, "चाचा, ह्या कशाला?" म्हणाले, कॉइल बरोबर मधोमध राहायला हवी, केसभर जरी सरकली तरी मॅग्नेटला घासणार आणि आवाज फाटणार. मग फोमऐवजी रबराची कडा चिकटवली, कारण रबर या हवेत जास्त टिकतं. रात्रभर वाळवून दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढायच्या आणि नवी टोपी लावायची. सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर जाऊन जोडी घेऊन आलो. दोघांचे मिळून ८०० रुपये.

रिसीव्हर त्याच रस्त्यावर, जुन्या मालाच्या एका दुकानात मिळाला. पहिला दाखवला तो दिसायला सुरेख होता, पण मागच्या पत्र्यावर १२० व्होल्ट छापलेलं. बाहेरच्या देशातून आलेला माल. दुकानदार म्हणाला, सोबत ट्रान्सफॉर्मर देतो. मी नको म्हटलं. घरात कुणी चुकून तो थेट २३० व्होल्टच्या प्लगला लावला की संपलं, आणि दुपारी घरात आई एकटीच असते. दुसरा २३० व्होल्टचा होता, ५.१, थोडा जुना, ऑप्टिकल इनपुट (टीव्हीचा डिजिटल आवाज प्रकाशाच्या केबलने घ्यायची जागा) असलेला. त्याच्या स्पीकरच्या टोकांवर मीटर डीसीवर लावून बघितला. काहीही न वाजवता तिथे फार तर काही मिलिव्होल्ट दिसावेत. पाचही चॅनेल, म्हणजे एकेका स्पीकरसाठीचे आवाजाचे मार्ग, ५०च्या बरेच खाली होते. आवाजाचं बटण फिरवताना खरखर नाही, चालू केल्यावर आतला रिले टक करून लागतो, टेस्ट टोन पाचही जागी फिरतो. ६,५०० रुपयांना घेतला.

वायर मात्र विक्रोळीलाच, स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात घेतली. '४०/७६ द्या' म्हटलं की दुकानदाराला कळतं. म्हणजे ४० तारांची दुपदरी वायर. सगळ्यात लांबच्या स्पीकरपर्यंत मला ९ मीटर लागणार होती. १४/७६ची बारीक वायर घेतली असती तर जाऊन-येऊन १८ मीटरमध्ये वायरचाच रोध पाऊण ओहम झाला असता; ४०/७६ला तो पाव ओहमच्या आसपास राहतो. ६ ओहमच्या स्पीकरपुढे हा फरक सोडून देण्यासारखा नाही. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ते नको.

केसिंग-पट्टी, छिद्रं पाडणं, दाराच्या चौकटीवरून वायर फिरवणं यात एक रविवार गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता खरा प्रश्न होता मधल्या स्पीकरचा, ज्याला सेंटर म्हणतात. लोकांचं लक्ष असतं बेसवर आणि मागून येणाऱ्या आवाजांवर. पण ५.१मध्ये माणसं जे बोलतात ते जवळजवळ सगळं या मधल्या स्पीकरमधून येतं. तो नसेल तर रिसीव्हर संवाद डाव्या आणि उजव्या स्पीकरमध्ये सारखे वाटून देतो, आणि बरोबर मध्ये बसणाऱ्याला ते मधून आल्यासारखे वाटतात. आई मध्ये बसत नाही. दिवाण टीव्हीसमोरच्या मागच्या भिंतीला लागून आहे आणि ती त्याच्या डाव्या टोकाला, तक्क्याला टेकून बसते, गेली वीस वर्षं तिथेच. तिथे बसलं की सगळे संवाद जवळच्या डाव्या स्पीकरला जाऊन चिकटतात. त्यामुळे सेंटर हवाच होता.

रिवाजाप्रमाणे बाबांची जोडी डावीकडे-उजवीकडे लावली आणि मिनी सिस्टिममधला एक स्पीकर मध्ये ठेवला. गाणी छान वाजली. पण आई म्हणाली, "माणसं डब्यात बसून बोलतायत." खरंच होतं ते. मिनी सिस्टिमचा स्पीकर धमक दाखवण्यासाठी बनवलेला, मधल्या पट्टीत तो गुबगुबीत वाजतो. दोन रात्री मी यावर विचार केला. घरातला सगळ्यात स्वच्छ बोलणारा स्पीकर बाबांचा. मग त्याची जागा मध्येच. म्हणजे जोडी फोडायची. बाबा रविवारी सकाळी त्या दोघांच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून गाणं ऐकायचे, खुर्चीची जागा बदललेली त्यांना चालायची नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, माळ्यावर काय जोडीनं गात होते का? लाव."

आधी तो आडवा ठेवून बघितला, कारण टीव्हीखाली उभा मावत नव्हता. पण आडवा ठेवला की वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर आणि खालचा मोठा स्पीकर शेजारी-शेजारी येतात, आणि बाजूला बसणाऱ्याच्या कानापर्यंत दोघांचं अंतर वेगवेगळं पडतं. आवाजातला काही भाग त्यात खाल्ला जातो. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून टीव्हीच ९ इंच वर घेतला, त्याचे ३०० रुपये. खाली बाबांचा स्पीकर उभा, पुढच्या कडेखाली दाराला लावतात तसली रबरी पाचर, म्हणजे त्याचं तोंड किंचित वर, आईच्या कानाच्या रोखाने. जुन्या काचेच्या टीव्हीजवळ असा स्पीकर ठेवता येत नसे, मॅग्नेटमुळे चित्राचे रंग फाकायचे. आताच्या टीव्हीला ती भीती नाही.

मिनी सिस्टिमचे दोघे डावीकडे आणि उजवीकडे गेले. सगळं जोडून वाजवलं, आणि काहीतरी चुकलंय हे लगेच कळलं. संवाद स्वच्छ, पण संगीत पातळ, बेस हरवलेला, गाणाऱ्या बाईचा आवाज खोलीत नेमका कुठे आहे ते सापडेना. रिसीव्हरची सगळी सेटिंग दोनदा तपासली. एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी एक पेन्सिल सेल घेतला. वायर रिसीव्हरपासून सोडवून सेलचा प्लस वायरच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवला की मोठ्या स्पीकरचा कोन बाहेर यायला हवा. डावा बाहेर आला. उजवा आत गेला. मी वायर लांबवताना सांधा उलटा मारला होता. एक स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ती ओढतोय, मग बेस राहणार कुठे? सांधा सोडून पुन्हा मारला आणि गाणारी बाई मध्ये येऊन उभी राहिली. त्या रात्री चारही छोटे स्पीकर असेच सेल लावून तपासले. ते बरोबर होते.

पुढची अडचण टीव्हीतली. ऑप्टिकल केबल लावली (टोकावरची प्लास्टिकची बारीक टोपी काढायची असते आणि केबलला काटकोनात मोडायचं नसतं), पण रिसीव्हर दोनच चॅनेल दाखवत होता. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' होतं. पीसीएमवर ऑप्टिकलमधून फक्त दोन चॅनेल जातात. ते 'डॉल्बी डिजिटल' केलं आणि पाचही उजळले. सिनेमांच्या अॅपवर हल्ली डॉल्बी डिजिटल प्लस येतं, ते ऑप्टिकलमधून जात नाही, पण माझा टीव्ही ते उतरवून साधं डॉल्बी डिजिटल करून देतो.

आईच्या मालिका मात्र दोनच चॅनेलच्या येतात. तिच्यासाठी उपयोगी पडलं ते डॉल्बी प्रो लॉजिक टू, २०००च्या सुमाराचं तंत्र, जुन्या रिसीव्हरांत हमखास सापडणारं. डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये जे सारखं आहे, ते ओळखून ते मधल्या स्पीकरकडे पाठवतं. मालिकेत दोन्हीकडे सारखं काय असतं? संवाद. त्याचा 'मूव्ही' मोड लावला आणि सासवा-सुना सगळ्या बाबांच्या स्पीकरमधून बोलायला लागल्या.

बेससाठी रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटमधून एक पिन काढली, तिला ६० रुपयांची एकाचे दोन करणारी पिन लावून २.१च्या डब्यात दिली. त्याचे छोटे स्पीकर काढून ठेवले. रिसीव्हरमध्ये बाकी सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि सीमा १०० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचं सगळं डब्याकडे. पण आई बसते तिथे बेस भयंकर घुमायचा. खोली १२ फूट लांब. एवढ्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींच्या मध्ये अडकतो आणि भिंतीजवळ सगळ्यात जोरात ऐकू येतो. आई भिंतीलाच टेकलेली. दिवाण हलवायचा नव्हता, मग डबाच हलवायचा. त्याची एक जुनी रीत आहे. बेसचा डबा बसण्याच्या जागी ठेवायचा, एकसारखा बेस वाजवायचा आणि वाकून, कान जमिनीजवळ नेत भिंतीकडेने फिरायचं. जिथे आवाज सगळ्यात सारखा, न घुमता येतो, तिथे डबा ठेवायचा. आईला खुर्चीत बसवलं, दिवाणावर डबा चढवला आणि मी खोलीभर फिरलो. कोपऱ्यांत घुमत होतं, लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर मोकळं झालं. तिथे आईचं शिलाई मशीन आहे. मशीनच्या पायडलमागे डबा सरकवला, खाली जुन्या योगाच्या चटईचा चौकोन घातला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास नको म्हणून.

शेवटी टेप घेऊन अंतरं मोजली. मोजायची ती खोलीच्या मध्यापासून नाही, आईच्या डोक्यापासून. सेंटर ९ फूट, डावा साडेआठ, उजवा ११. भिंतीवरचे डावे ३ फूट, उजवे ८. आवाजाला एक फूट जायला एक मिलिसेकंदापेक्षा जरा कमी लागतो. ५ फुटांचा फरक म्हणजे साधारण साडेचार मिलिसेकंद. रिसीव्हरमध्ये हे आकडे भरले की जवळचे स्पीकर तेवढं थांबून बोलतात. मग मोबाइलवरच्या डेसिबल मोजायच्या अॅपने टेस्ट टोन ऐकून पाचही सारखे केले. असं अॅप नेमका आकडा सांगायला फारसं भरवशाचं नसलं तरी एकाशी दुसरा ताडून बघायला पुरतं. फोन आईच्या तक्क्यावर, तिच्या कानाच्या उंचीला. सारखं झाल्यावर सेंटर तेवढा २ डेसिबल वर घेतला. रात्रीसाठी 'नाइट मोड' लावून ठेवला. डॉल्बीच्या सिनेमांत त्याने धडाम आवाज खाली येतात आणि हळू बोलणं वर येतं. ओठ आणि आवाज यांत किंचित फरक पडत होता, तो डिलेच्या सेटिंगने गेला.

खर्चाचा हिशोब वहीत आहे: रिसीव्हर ६,५००, स्पीकरच्या रबरी कडा ८००, वायर ९८०, केसिंग-पट्ट्या ३५०, ऑप्टिकल केबल २५०, पिन ६०, इलेक्ट्रिशियन ३००. एकूण ९,२४०.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम काही बोललो नाही. साडेआठची मालिका लागली. आवाज ३२वर होता. स्वयंपाकघरात कुकर लावता लावता मी ऐकत होतो. आईने रिमोट उचलला नाही. जाहिरात लागली तशी तिने हाक मारली, "अरे, ही धाकटी बोलते तेव्हा जरा कोकणी हेल आहे, नाही का तिचा? मला आत्ता कळलं." मालिका सुरू होऊन वर्ष झालं होतं.

जोडीतला दुसरा स्पीकर तिने माळ्यावर परत जाऊ दिला नाही. तो पुसून शिलाई मशीनवर ठेवलाय, वर क्रोशाचा रुमाल.